वल्ह्याने राखलेले अंतर

२०२० साल आठवते का? तुम्ही तेव्हा लहान होता. शाळेच्या फाटकाला कुलूप होते, मैदाने ओस पडली होती आणि जिकडेतिकडे ‘दो गज की दूरी’ हा एकच मंत्र ऐकू येत होता. एक गज म्हणजे ०.९१ मीटर; तेव्हा दोन गज म्हणजे सुमारे १.८३ मीटर. इंग्लंडमध्ये हेच अंतर २ मीटर ठरवले होते.

या दोन मीटरांनी खेळांचे फार हाल केले. तोक्यो ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले. केरळात आलप्पुळजवळ पुन्नमडा सरोवरात होणारी नेहरू चषक नौकाशर्यत त्या वर्षी झाली नाही. तेथील एकेका सर्पनौकेत शंभराच्या आसपास वल्हेकरी खांद्याला खांदा लावून बसतात. त्यांना दूर कसे बसवणार? इंग्लंडमधील डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही १२५ मैलांची, म्हणजे सुमारे २०० किलोमीटरची प्रसिद्ध नौकाशर्यतही रद्द झाली.

आणि तरीही त्याच इंग्लंडमध्ये, त्याच वर्षी, लहान होडी वल्हवण्याच्या छंदाला अनपेक्षित भरती आली. ब्रिटिश कनूइंग या संघटनेची (२०२४ पासून तिचे नाव पॅडल यूके आहे) सभासदसंख्या झपाट्याने वाढली. मोठ्या नावा किनाऱ्याला असताना छोट्या होड्या पाण्यात का उतरल्या? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे.

वल्हे हीच मोजपट्टी

१३ मे २०२० पासून इंग्लंडमध्ये घराबाहेरच्या व्यायामावरचे निर्बंध सैल झाले. आपल्या कुटुंबाबरोबर, किंवा बाहेरच्या एका व्यक्तीबरोबर दोन मीटरांवरून, व्यायाम करण्यास परवानगी मिळाली. १ जूनपासून सहा जणांना उघड्यावर भेटता येऊ लागले.

आता कयाक होडी डोळ्यांसमोर आणा. ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील लोकांची शिकारीची होडी. लांबी तीन-चार मीटर, आत एकच माणूस. हातातील वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते आणि लांबी असते साधारण २.२ मीटर. वल्हे मधोमध धरले, तर दोन्ही बाजूंना १.१ मीटर येते. दोन होड्या शेजारी शेजारी चालल्या आहेत आणि वल्ही एकमेकांवर आपटू द्यायची नाहीत, तर दोघांमध्ये कमीत कमी किती अंतर हवे? करा बेरीज: १.१ अधिक १.१, म्हणजे २.२ मीटर! एकामागोमाग चाललात, तर तीन मीटरांची होडीच तुम्हांला दूर ठेवते. कोणी पोलीस नको, जमिनीवर खडूची वर्तुळे नकोत. दोन मीटरांचा नियम या खेळाच्या अंगातच होता.

दुसरे कारण हवेचे. बोलताना, खोकताना तोंडातून निघणारे मोठे तुषार लवकर खाली पडतात. परंतु अतिसूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात आणि त्यांचे प्रमाण वाढत जाते. उघड्यावर वारा त्यांना पांगवून टाकतो. नदीच्या पात्रासारखा हवेशीर दिवाणखाना दुसरा कोणता?

तिसरे कारण शिकण्याच्या सोयीचे. शर्यतीच्या रोइंगमध्ये वल्हे होडीला अडकवलेले असते आणि माणूस पाठीच्या दिशेने पुढे जातो. कयाकमध्ये वल्हे हातात मोकळे असते आणि तोंड पुढे असते. पात्याने पाणी मागे ढकला, पाणी तुम्हांला पुढे ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. शिक्षक दुसऱ्या होडीतून हाक मारून चूक सांगू शकतो. त्याला तुमचा हात धरावा लागत नाही.

पिशवीत मावणारी नाव

पण होडी ठेवायची कोठे? सदनिकेत राहणाऱ्याला ही मोठी अडचण. ती सोडवली हवा भरायच्या फळीने. या फळीवर उभे राहून लांब वल्ह्याने पाणी कापायचे असते. हवा सोडली की फळी गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत बसते.

रबरी फुगा फुगवला तर तो गोल होतो. मग ही फळी सपाट कशी राहते? तिच्या वरच्या आणि खालच्या थरांना हजारो बारीक धाग्यांनी आतून जोडलेले असते. हवा थरांना बाहेर ढकलते आणि धागे त्यांना धरून ठेवतात. आतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा दर चौरस इंचाला १५ पौंडांपर्यंत जास्त असतो. मोटारीच्या चाकात याच्या दुप्पट भरतात. या ताणामुळेच फळी लाकडासारखी कडक होते.

अशा फळीचे आकारमान ३०० लिटर धरू. ६० किलोचा माणूस आणि १० किलोची फळी मिळून ७० किलो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ७० किलो पाणी, म्हणजे ७० लिटर, बाजूला सारले की काम झाले. म्हणजे फळीचा पाव भागसुद्धा बुडत नाही! नवशिक्याला याहून काय हवे?

वाऱ्याचा हिशेब

पण थांबा. याच गणितात धोकाही लपला आहे. फळीचा पाऊण भाग पाण्याबाहेर आहे आणि वर माणूस शिडासारखा उभा आहे. पाण्याची पकड थोडी, वाऱ्याची जास्त. शिवाय वाऱ्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, तर बल चौपट होते. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असेल, तर किनाऱ्याजवळ झाडे-इमारतींच्या आडोशाने पाणी आरशासारखे शांत दिसते. पुढे गेल्यावर वारा गाठतो आणि परतीची वाट बंद होते. म्हणूनच ब्रिटनची जीवरक्षक नौकांची संस्था असा वारा असताना फळी घेऊन समुद्रात जाऊ नका, असे बजावते. वाऱ्यात सापडलात, तर फळीवर गुडघे टेका किंवा पालथे झोपून हातांनी पाणी मारा. वाऱ्यासमोरचे क्षेत्रफळ घटले की बलही घटते. आणि फळी सोडू नका, कारण तीच तुमची नाव आहे.

हजारो नवखे लोक पाण्यावर आले, तेव्हा जुन्या मंडळींपुढे हेच मोठे काम उभे राहिले. जागा भरल्याचा आनंद होता. पण वारा, भरती-ओहोटी, थंड पाणी यांची ओळख कोण करून देणार? छंद वाढला, त्याबरोबर सुरक्षिततेचे शिक्षणही वाढवावे लागले. त्या वर्षाची खरी कमाई मी यातच मानतो.

भोपळा आणि पन्नास न्यूटन

या शिक्षणातील पहिला धडा म्हणजे तरंगण्याचे जाकीट. होडी वल्हवताना वापरायच्या साध्या जाकिटाचे प्लावक बल कमीत कमी ५० न्यूटन असते, म्हणजे सुमारे ५ किलो वजन उचलण्याइतके. तुम्ही म्हणाल, साठ किलोच्या माणसाला पाच किलोचा आधार कसा पुरेल?

मी स्वतः आजोळच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो. माझ्या मामांच्या लहानपणी सुका भोपळा बांधत. डबा जेमतेम पाच लिटरचा होता आणि मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर असे, की माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. त्यामुळे शरीराचे जवळजवळ सगळे वजन पाणीच तोलते. आधार हवा असतो तो पाण्याबाहेर ठेवायच्या डोक्याला, आणि डोके असते साडेचार-पाच किलोचे. पाच किलोच्या आधाराने नाक पाण्यावर राहते, आणि प्राण वाचायला तेवढे पुरते. मात्र हे जाकीट शुद्धीवर असलेल्या, थोडेफार पोहता येणाऱ्या माणसासाठी असते. बेशुद्ध माणसाला ते उताणे करील असा भरवसा नाही.

दुसरा धडा नदीचा. ब्रिटनच्या नद्या-कालव्यांत तरंगती पेनीवर्ट ही उत्तर अमेरिकेतील वनस्पती माजली आहे. ती दिवसाला २० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. आपल्याकडची जलपर्णी आठवा, म्हणजे कल्पना येईल. होडीला चिकटलेल्या लहानशा तुकड्यातूनही ती नव्या पाण्यात रुजते. म्हणून तेथे होडी बाहेर काढल्यावर तपासा, धुवा, वाळवा, असा नियम शिकवतात, आणि वल्हेकरी मंडळांतील स्वयंसेवक ही वनस्पती उपसण्याच्या कामाला हात लावतात.

करून पाहा

एक लिटरची रिकामी, घट्ट झाकणाची बाटली बादलीतल्या पाण्यात पूर्ण दाबून धरा. हाताला जाणवणारे बल सुमारे १० न्यूटन असते. अशा किती बाटल्यांचे बल एका जाकिटाइतके होईल? पाच! या बाटल्या जाकिटाऐवजी वापरायच्या नाहीत. पण कोणी बुडताना दिसला, तर स्वतः उडी न टाकता दोरीला बांधलेला असा बंद रिकामा डबा त्याच्याकडे फेकता येतो. मोठ्यांना हाक मात्र आधी मारा.

तारकर्लीला किंवा गोव्याच्या खाडीत कधी कयाकमध्ये बसाल, तेव्हा जाकिटाचे बंद स्वतः तपासा आणि वारा कोठून कोठे जातो आहे, ते झाडांच्या पानांकडे बघून ठरवा. शिक्षकांना एक विनंती: आर्किमिडीजचे तत्त्व शिकवाल तेव्हा फळ्यावर मुकुटाबरोबर एक जाकीटही काढा. आपल्या गावाजवळ विहीर, तलाव, नाहीतर धरण असतेच. ते चित्र विद्यार्थ्यांच्या परीक्षेनंतरही उपयोगी पडेल.