मतभेद आणि मताचा फेरविचार

शिक्षकाच्या व्यवसायात मतभेदाचे प्रसंग नित्य येतात. शिक्षक व पालक, साहाय्यक शिक्षक व मुख्याध्यापक, शाळा व गाव यांच्यात लहानमोठ्या बाबींवर दुमत होते. अशा वेळी समोरच्याला आपले म्हणणे कसे पटवून द्यावे, एवढाच विचार आपण बहुधा करतो. आपले म्हणणेच पुन्हा एकदा तपासून पाहावे, हे सहसा सुचत नाही. मत बदलणे म्हणजे माघार घेणे, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम माझ्याच चुकीची हकिगत सांगतो. सेवेच्या आरंभी मालवण किनाऱ्यावरील एका शाळेत मी शिक्षक होतो. नारळी पौर्णिमेनंतर मासेमारीचा हंगाम सुरू झाला की वरच्या वर्गातील काही मुले पुष्कळदा सकाळी गैरहजर राहत. ‘पालक शिक्षणाविषयी उदासीन आहेत,’ असा शेरा मी लिहिला व पालकसभेत तसे बोलूनही दाखविले. पुढील सभेस एकही पालक आला नाही. तेव्हा एके दिवशी मी स्वतः पहाटे किनाऱ्यावर गेलो. रापण ओढणे चालू होते. माझे विद्यार्थी मोठ्या माणसांबरोबर दोराला लागले होते आणि त्याबद्दल मिळणारा मासळीचा वाटा घरी नेत होते. एका विद्यार्थ्याची आजी मला म्हणाली, “गुरुजी, नातवान शिकाक होया असा माका वाटत नाय काय? पण आजचो वाटो कोण आणतलो?”

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुलाने शाळेत यावे, हा माझा हेतू योग्यच होता. पालक उदासीन आहेत, हे माझे मत मात्र चुकीचे होते. पुढील सभेत मी ते मोकळेपणी सांगितले. बुडालेला गणिताचा पाठ दुपारी पुन्हा घेण्याचे मी मान्य केले आणि रापण आटोपताच मुलांना थेट शाळेत पाठविण्याचे पालकांनी मान्य केले. सर्व अडचणी त्यामुळे दूर झाल्या असे नाही. परंतु सभा पुन्हा भरू लागल्या.

हेतू आणि मत यांतील हा भेद आपल्या कोकणच्याच एका थोर शिक्षकाच्या चरित्रात अधिक स्पष्ट दिसतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण दापोली तालुक्यातील मुरूड गावी गेले. विधवाविवाहास कायद्याची मान्यता 1856 सालीच मिळाली होती. समाजाची मान्यता मात्र नव्हती. 1893 साली कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे यांनी या विवाहाबद्दल कधीही दिलगिरी व्यक्त केली नाही. त्याच वर्षी त्यांनी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापन केली.

दोनच वर्षांनी, 1895 साली, या संस्थेचे नाव बदलून ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ असे ठेवण्यात आले. हा फरक केवळ शब्दांचा नव्हे. ‘उत्तेजक’ म्हटले की विधवांना विवाहास प्रवृत्त करणे असा अर्थ होतो. ‘प्रतिबंधनिवारक’ म्हटले की जिला विवाह करावयाचा आहे तिच्या मार्गातील अडथळा दूर करणे, एवढाच अर्थ उरतो. पहिली भूमिका ज्यास मान्य नव्हती, त्यासही दुसरीचा विचार करणे शक्य होते.

फेरविचाराचे याहून मोठे पाऊल 1896 साली पडले. विवाहाचा मार्ग थोड्याच विधवा पत्करतील, शिक्षण मात्र अनेकींच्या उपयोगी पडेल, हे ओळखून कर्वे यांनी पुण्यात अनाथबालिकाश्रम काढला. 1900 साली तो हिंगण्यास गेला. आश्रम म्हणजे पुनर्विवाहाचे आडमार्गाने चाललेले कार्य असावे, अशी शंका सनातनी मंडळींस येई. म्हणून पुनर्विवाहाच्या चळवळीतील प्रत्यक्ष काम कर्वे यांनी बाजूस ठेवले. काही सुधारकांना ही माघार वाटली, व ही किंमत लहान नव्हती, हे मान्य केले पाहिजे. परंतु पुनर्विवाहावरील आपली श्रद्धा त्यांनी सोडली नाही. विधवेचे जीवन सुधारण्याचा हेतूही सोडला नाही. बदलले ते हेतूपर्यंत पोहोचण्याच्या मार्गाविषयीचे मत.

या बदलाचे एक फळ म्हणजे पार्वतीबाई आठवले. त्या गोदूबाईंच्या भगिनी व स्वतः विधवा. पुनर्विवाह त्यांना पसंत नव्हता. परंतु विधवांचे शिक्षण त्यांना पटले आणि आश्रमासाठी निधी जमविण्याचे कष्टाचे काम त्यांनी पत्करले. केशवपनाची रूढी त्या प्रारंभी पाळीत. पुढे स्वतः विचार करून त्यांनी ती सोडली. एका भगिनीने पुनर्विवाह केला, दुसरीस तो अमान्य. तरीही दोघींचे आयुष्य एकाच कार्याशी जोडले गेले. मतभेद मिटला नाही, पण त्यावर पूल बांधला गेला.

आपल्या शाळांस यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेथे दुमत होणारच. अशा वेळी प्रथम आपला हेतू कोणता व त्याविषयीचे मत कोणते, हे वेगळे करावे. दुसरे, समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आपण मांडू शकतो का, हे पाहावे. तिसरे, मत चुकले असल्यास ज्या सभेत ते मांडले त्याच सभेत तसे सांगावे. मालवणी बोलणाऱ्या मुलाची भाषा अशुद्ध आहे, असे आपणांपैकी अनेकांचे मत असते. मुलाला प्रमाण मराठी यावी, हा हेतू कायम ठेवून हे मत तपासावे. घरच्या बोलीत त्याला बोलू दिले, तर ते मूल वर्गात तोंड उघडते, आणि जे मूल बोलते त्यालाच पुढे प्रमाण भाषा शिकविता येते.

मात्र प्रत्येक मत सोडावे, असा याचा अर्थ नव्हे. मुलीची शाळा सोडविणे किंवा एखाद्या मुलास जातीवरून वेगळे बसविणे, अशा बाबतीत शिक्षकाने अढळच राहिले पाहिजे. फेरविचार करूनही जे टिकते, तेच खरे तत्त्व होय.

रापणीचे दोन दोर ओढणाऱ्या दोन तुकड्या प्रारंभी किनाऱ्यावर एकमेकींपासून दूर उभ्या असतात. जाळे जसजसे काठाकडे येते, तसतशा त्या दोर न सोडता एकमेकींकडे सरकत जातात. एकच तुकडी सरकून रापण येत नाही. पण पहिले पाऊल कोणीतरी टाकावेच लागते. शाळा आणि गाव यांच्यामध्ये ते शिक्षकाने टाकावे, हे त्याच्या पेशास शोभणारे आहे.