पुलाच्या पोटाखाली

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील दगडी कमानींचा जुना पूल महापुरात वाहून गेला. राज्य परिवहनाच्या दोन गाड्या उतारूंसह अंधारात नाहीशा झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी होऊन तो सुरक्षित असल्याचा निर्वाळा देण्यात आला होता, ही गोष्ट मला दुर्घटनेइतकीच अस्वस्थ करते. पाहणी झाली खरी. पण पाहिले काय?

हा प्रश्न आम्हा सीमाभागातील मंडळींना परका नाही. भालकी-औरादकडे मांजरा, गाणगापूरकडे भीमा! आमच्या सोयरिकी उदगीर-निलंग्यास, सोलापूर-अक्कलकोटास. लग्नकार्य असो वा मयत, वाटेत पूल हा लागणारच. ऑक्टोबर २०२० मधील भीमेचा पूर कलबुर्गीकर अद्याप विसरलेले नाहीत.

पूर्वी अभियंत्यास पुलाखाली डोकवावयाचे म्हणजे शिडी, नाव किंवा लांब लोखंडी हाताची अवजड गाडी आणावी लागे व वाहतूक अडवावी लागे. आता ड्रोन हे कार्य सुलभ करू लागला आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने तर २०२१ साली आपल्या प्रकल्पांचे दरमहा ड्रोन-चित्रण अनिवार्य केले. हे चिमुकले यंत्र तुळईच्या बगलेत व खांबांच्या माथ्यापाशी जाऊन शेकडो छायाचित्रे टिपते. ती संगणकावर जुळवून गतवर्षीच्या चित्रांशी ताडली की कोणती भेग रुंदावली, कोठे सळई गंजून उघडी पडली, हे ध्यानी येते. उष्णता टिपणारा कॅमेरा असल्यास सुटलेला काँक्रीटचा थरही ओळखता येतो, कारण उन्हात तो सभोवतालच्या भागाहून लवकर तापतो.

आमच्याकडे आणखी एक अडचण आहे. बिदरला वायुदलाचा तळ! तेथील प्रतिबंधित आकाशात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार पूर्वपरवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. त्याची तक्रार नाही. मात्र कागद हलेपर्यंत पावसाळा थांबत नाही.

हे सारे वर्गात रंगवून सांगत असता नदीपलीकडून येणारा सातवीतील एक मुलगा उठला. "सर, पाण्याखालचं दिसतं का हो त्याला?" मला "नाही" म्हणावे लागले. पुराचे पाणी खांबाच्या बुडाशी भोवरे घेत माती उकरून नेते. वरचा रस्ता गुळगुळीत असतो आणि खाली पाया उघडा पडत असतो. गढूळ पाण्यातील ही धूप ड्रोनच्या कॅमेऱ्यास दिसत नाही. तेथे पाणबुड्या किंवा ध्वनिलहरींचे यंत्रच हवे. शिवाय हातोड्याने ठोकून येणारा पोकळ आवाज ऐकण्यास जाणता कानही हवा. तो अद्याप उडू लागलेला नाही.

चैत्र-वैशाखात मांजरेचे पाणी आटते व कित्येक खांबांची बुडे उघडी पडतात. ड्रोन वरून फिरवावा, पण त्याच दिवसांत अभियंत्याने पात्रात उतरून तेथील खड्ड्यांची खोली मोजावी, ती पुलावर रंगवून ठेवावी आणि पुढील वर्षी पुन्हा मोजावी. पावसाळ्यात माझ्या हजेरीपटावर नदीपलीकडच्या अकरा मुलांच्या नावांपुढे मी तांबड्या शाईने 'पूर' असे लिहितो. पाणी ओसरले की ती मुले त्याच पुलावरून शाळेत येतात.