महाग पेट्रोल म्हणजे ताकदीचे पेट्रोल नव्हे

‘साधे की प्रीमियम?’ असे पंपावर विचारले की गाडीला जपणारा मालक बहुधा महागाच्या पेट्रोलकडे बोट दाखवतो. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद, हा समज त्यामागे असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे.

ऑक्टेनचा आकडा इंधनातील ऊर्जा दाखवत नाही. दाब आणि उष्णता वाढूनही ठिणगीवाचून आपोआप पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता तो सांगतो. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा आणि इंधनाचे मिश्रण दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. इंजिनाच्या गरजेपेक्षा ऑक्टेन कमी पडले, तर ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रणाचा उरलेला भाग भडकतो. माणसांनी भरलेली गाडी चोर्ला घाटात वरच्या गिअरमध्ये रेटताना बॉनेटखालून येणारी टकटक बहुधा हीच. ती रोजची झाली की पिस्टनला इजा पोहोचू लागते. अलीकडच्या गाड्यांतील नॉक सेन्सर चाहूल लागताच ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचते, पण जोर घटतो आणि मायलेजही.

जास्त दाबाच्या, विशेषतः काही टर्बो इंजिनांना म्हणूनच वरचे ऑक्टेन लागते. 91 ऑक्टेनसाठी घडवलेल्या साध्या गाडीला 100 ऑक्टेन पाजून मात्र वाढते ते बहुतेक पंपावरचे बिलच. अशा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या द्रव्यांचा मुद्दा निराळा. त्याचा ऑक्टेनशी संबंध नाही.

शिवाय साधे पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. इथेनॉलचे ऑक्टेन मुळातच जास्त असते, आणि 20 टक्के इथेनॉलच्या ‘ई-20’ पेट्रोलचे ऑक्टेन 95 असल्याचे केंद्र सरकारने सांगितले आहे. जुन्या गाडीची अडचण आता ऑक्टेनची नाही, इथेनॉलची आहे. त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ‘ई-10’साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचे मायलेज ‘ई-20’वर 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात होता. जुन्या रबरी नळ्या आणि सील यांनाही ते मानवत नाही. इथेनॉल ओल शोषून घेते, त्यामुळे तारवटी बोटीवर गेल्यावर पावसाळाभर दारात उभ्या राहणाऱ्या गाडीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

कोणत्या गाडीला काय चालते, हे मालक-पुस्तिकेत आणि पुष्कळदा इंधन टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेले असते. तेथे ‘किमान 91’ असेल, तर ‘ई-20’चे 95 ऑक्टेन पुरून उरते; मग पाहायचे ते एवढेच, की शेजारी ‘ई-10’ लिहिले आहे की ‘ई-20’.