तिजोरीतला ठोका

यंत्राचा खडखडाट संगीत होऊ शकतो का? जेफ मिल्स डेट्रॉइटचा. मोटारींचे अनेक कारखाने एकेक करून ओस पडलेलं हे अमेरिकी शहर. त्याचा पहिला एकल अल्बम 'वेव्हफॉर्म ट्रान्समिशन, भाग १' मात्र १९९२ साली बर्लिनच्या 'ट्रेझोर'नं काढला. ट्रेझोर म्हणजे तिजोरी. भिंत कोसळल्यावर, १९९१मध्ये, एका जुन्या दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत हा क्लब सुरू झाला होता.

या कठोर टेक्नोत गाणं नाही. समही नाही, खालीही नाही. प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा. म्हणून आधी नुसता गोंगाट वाटतो. अशा वेळी ठोका मोजू नका. त्यावरचा एखादा आवाज केव्हा येतो, केव्हा काढून घेतला जातो, तिकडे कान द्या. यंत्रामागचा माणसाचा हात तिथेच सापडतो.