भागीदार अर्धवेळ, देणं पूर्ण

नोकरी सांभाळून मित्राबरोबर केटरिंग किंवा शिकवणी सुरू करणाऱ्यांचा एक समज असतो: ‘मी पन्नास हजारच घातले, वेळही शनिवार-रविवारचाच, बुडालं तर तेवढंच जाईल.’ हिशेब सरळ वाटतो, पण भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 तसं मानत नाही. नफा वाटून घ्यायचं ठरवून सर्वांनी, किंवा सर्वांच्या वतीने एकाने, चालवलेला धंदा म्हणजे भागीदारी. करार तोंडी असला तरी ती होते. तिच्यात संयुक्त आणि पृथक दायित्व (फर्मचं सगळं देणं कोणाही एका भागीदाराकडून वसूल करता येणं) असतं. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्यासारखंच हे: कर्जदार थकला की संस्था जामीनदाराचा पगार बघते. भागीदाराने तुम्हाला न विचारता धंद्यासाठी उधारीवर माल उचलला, तरी व्यापारी तुमच्या दारात येऊ शकतो. आणि वाटा ठरवलेलाच नसेल तर कायदा नफा-तोटा समान धरतो; कोण किती राबलं, हे पाहत नाही.

एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) केली तर जोखीम सहसा घातलेल्या भांडवलापुरती राहते. मात्र दरवर्षी विवरणपत्रं भरावी लागतात, धंदा चालो न चालो. यातलं काहीही सुरू करण्याआधी नोकरीच्या करारात जोडधंद्याला मनाई आहे का, ते वाचून घ्या.