बंद होण्याच्या तारखा

ओपनएआयने आपली असिस्टंट्स एपीआय २६ ऑगस्ट २०२६ला बंद करायचं जाहीर केलं, ते मनाला लागलं. नोव्हेंबर २०२३मध्ये गाजावाजा करत आलेली सेवा. धड तीन वर्षंही नाहीत. पर्यायी सेवा आहे, पण साठलेली जुनी संभाषणं तिकडे आपोआप जाणार नाहीत. ती ज्याची त्याने हलवायची.

नव्वदच्या दशकात ही धास्ती नव्हती. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ला, मायक्रोसॉफ्टने त्यातून अंग काढून घेतलं २००८मध्ये. पण तोवर लिहिलेले प्रोग्राम गिऱ्हाइकाच्याच मशीनवर होते. बडोद्याच्या दांडिया बाजारात त्यानंतरही कितीतरी वर्षं डॉट मॅट्रिक्स प्रिंटर खरखरत त्याच प्रोग्रामांची बिलं काढत होते. ती निश्चिंती गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग २००८ ते २०१८. बडोद्यातल्याच प्रतापनगरात बसून जगाच्या बाजारात ॲप टाकता येऊ लागलं, त्या दिवसांचा उत्साह काही औरच होता. पण ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला मिटलं, त्यावरची ॲपही सोबत गेली. विंडोज फोन ७ घेतलेल्यांना २०१२मध्ये कळलं की आठवी आवृत्ती त्यांच्या फोनवर चढणारच नाही. जुलै २०१८मध्ये गूगलने नकाशांचे दर बदलले. आधी दिवसाला २५,००० वेळा नकाशा फुकट उघडे, नंतर महिन्याला साधारण २८,००० वेळा, तेही कार्ड नोंदवलं तरच. ज्यांनी नोंदवलं नाही, त्यांचे नकाशे काळवंडले आणि त्यांवर 'फक्त डेव्हलपमेंटसाठी' अशी इंग्रजी अक्षरं उमटली. छोट्या संस्थांवर हा सरळ अन्याय होता.

रेल्वेने असं केलं नाही. प्रतापनगरहून डभोईला जाणारी नॅरोगेज गायकवाड सरकारची होती. डभोई–मियागाम मार्गावर १८६२मध्ये बैल डबे ओढत. नॅरोगेज गेली, पण डभोईला ब्रॉडगेज मिळाली. या कंपन्या मात्र रूळ उखडतात आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हणतात.

फेसबुकने २०१३मध्ये घेतलेलं पार्स तेवढं वेगळं निघालं. स्वतःचा सर्व्हर नसलेल्या एकट्यादुकट्या डेव्हलपरचा डेटा, लॉगिन, नोटिफिकेशन सगळं ते सांभाळायचं. जानेवारी २०१६मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं सांगितलं, वर्षभराची मुदत दिली आणि सर्व्हरचा कोड सगळ्यांना खुला केला. तरी हाल झालेच. डेटा स्वतःच्या मोंगोडीबी डेटाबेसमध्ये न्यायचा, ॲपची नवी आवृत्ती काढायची. ज्यांनी अपडेट घेतलं नाही, त्यांच्या फोनात जुनाच पत्ता. पण वाट होती. सेवा बंद करायचा हक्क कंपनीला असेल, कोड दाबून ठेवायचा नसावा. पार्स सर्व्हर आजही चालतो. तो फेसबुक नाही, वापरणारेच सांभाळतात.