संथ इंटरनेट : दोष वाहिनीचा की नामशोधाचा?

शाळेची यू-डायस प्लसची माहिती भरावयास बसावे आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहावे, हा अनुभव बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा आहे. ‘नेट मंद आहे’ एवढे म्हणून आपण स्वस्थ बसतो. परंतु असा जो वेळ जातो तो वर्गातील मुलांच्या वाट्याचा असतो. सबब मंदपणाचे कारण ओळखण्याची रीत शिक्षकांनी समजून घेणे इष्ट होय.

संगणकास दुसऱ्या संगणकापर्यंत पोहोचण्यासाठी नाव पुरत नाही, क्रमांक लागतो. जनरल रजिस्टरात मुलाच्या नावावरून त्याचा क्रमांक काढावा, त्याप्रमाणे संकेतस्थळाच्या नावावरून क्रमांक काढून देणाऱ्या संगणकास डी.एन.एस. सर्व्हर म्हणतात. पूर्वी अशा सर्व नावांची एकच यादी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एका संशोधन संस्थेत ठेवली जाई. संगणक वाढले तशी ती अपुरी पडू लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी हे काम अनेक सर्व्हरांत वाटून देणारी प्रचलित पद्धती मांडली.

आता असे समजा की, आपल्या संगणकात नोंदलेला पहिला डी.एन.एस. सर्व्हर बंद पडला आहे. संगणक त्यास विचारतो, उत्तराची वाट पाहतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. एकाच पानासाठी पुष्कळदा अनेक नावे शोधावी लागत असल्याने विलंब साचत जातो. याची खूण अशी की, पान उघडण्यास फार वेळ लागतो. पण मोठी फाइल एकदा उतरू लागली की वेगाने उतरते.

खात्री करण्यासाठी विंडोज संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडावा. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकाव्यात. प्रथम ‘पिंग ८.८.८.८’ ही आज्ञा द्यावी. उत्तरे उशिरा आली अथवा गहाळ झाली, तर दोष बहुधा वाहिनीत, राउटरमध्ये किंवा वायफायमध्ये असतो. उत्तरे वेळेवर आली, तर ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा सलग टंकून, जागा सोडून, संकेतस्थळाचे नाव लिहावे. नंतर तीच आज्ञा नावापुढे ८.८.८.८ जोडून पुन्हा द्यावी. पहिल्या वेळी विलंब आणि दुसऱ्या वेळी तत्काळ उत्तर, असे वारंवार घडल्यास दोष आपल्या डी.एन.एस. सर्व्हरचा समजावा.

सेवा देणारी कंपनी बदलल्यावर जुन्या सर्व्हरचा क्रमांक तसाच राहून जाणे, हे याचे एक नेहमीचे कारण होय. नेटवर्कच्या मांडणीत डी.एन.एस. ‘स्वयंचलित’ ठेवावा, अथवा चालू सर्व्हरचा क्रमांक भरावा. सर्वच यंत्रे मंद असतील तर हा बदल राउटरमध्ये करावा. एकच मंद असेल तर त्या यंत्रापुरता करावा. बदलापूर्वी जुने क्रमांक वहीत उतरून ठेवावेत. कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातील नावे बाहेरील सर्व्हरास ठाऊक नसतात. म्हणून तेथे व्यवस्थापकास विचारल्यावाचून बदल करू नये.

एवढे मात्र ध्यानात असावे की, अखेरच्या तारखेच्या गर्दीने संकेतस्थळच दबले असेल, तर या उपायाचा उपयोग होणार नाही. तेव्हा माहिती मुदतीपूर्वी भरणे हाच मार्ग होय.